शब्दार्थसूचीतला झिपरुंडा

या, असे जवळ सरकून बसा. ही गोष्ट मागे भिंतीला टेकून ऐकण्याजोगी नाही. हिच्यात एक सज्जन माणूस भर कचेरीत स्वतःच्या तोंडाने स्वतःची अब्रू घालवणार आहे, आणि ती कशी घालवली हे नीट कानावर पडायला हवं.

एक लेखक होऊन गेले. सात जाडजूड खंडांत त्यांनी एक अख्खा मुलूख उभा केला. तिथले डोंगर चालायचे, नद्या रुसायच्या. पोरंटोरं ती पुस्तकं उशाशी घेऊन झोपली. लेखकांना मूलबाळ नव्हतं, पुतण्या होता. देव एखाद्या घरात प्रतिभा पाठवतो, आणि त्याच घरात तिचा मालकही जन्माला घालतो. का, ते त्याचं तोच जाणे.

काका गेले तसं पुतण्याने प्रतिष्ठान काढलं आणि त्या मुलखातल्या एकूण एक नावावर ट्रेडमार्क मिळवायला घेतला. सात खंड वाचायचे कष्ट कोण घेणार? सातव्याच्या शेवटी छापलेली शब्दार्थसूची त्याने जशीच्या तशी वकिलाच्या हवाली केली. मग नोटिसांचा पाऊस. एका बेकरीने केकवर चालता डोंगर काढला, नोटीस. एका शाळेने नाटक बसवलं, नोटीस. आणि एक येऊन पडली धाकटीच्या दारात.

धाकटी म्हणजे वेलांटीबुवांची बहीण. आणि वेलांटीबुवा म्हणजे छापखान्यात प्रुफं तपासण्यात चाळीस वर्षं घालवून डोळे अधू करून घेतलेले गृहस्थ. सातही खंड त्यांच्याच लाल शाईखालून गेले होते. शेवटच्या खंडाच्या प्रस्तावनेत लेखकांनी लिहिलं होतं, ‘यांनी माझ्या पुस्तकात एकही खोटा शब्द जाऊ दिला नाही.’ बुवांना बायको नाही, पोर नाही, भिंतीवर प्रशस्तिपत्र नाही. होतं ते हे एक वाक्य.

धाकटी कापडी खेळणी शिवायची. तिचं नावाजलेलं खेळणं म्हणजे एककानी, केसाळ झिपरुंडा. नोटिशीत म्हटलं होतं की झिपरुंडा प्रतिष्ठानचा आहे. सगळी खेळणी आणि बेतायचे कागद नष्ट करण्यासाठी जमा करा.

“दादा, हे काय रे? मी सहा वर्षांची असताना हा माझ्या पलंगाखाली राहायचा. कुणी रागावलं की लहान व्हायचा. त्यांच्या काकांकडे कधी राहायला गेला?”

बुवांनी चष्मा पुसला. पुसलेलाच पुन्हा पुसला.

“बोल की! तोंडात काय प्रुफं धरलीस?”

“बघू,” बुवा म्हणाले.

बघायचं काय होतं? त्या काळी चोरून छापणारे पुस्तकाबरोबर शेवटची सूचीही उचलायचे आणि आम्ही स्वतः तयार केली म्हणायचे. त्यांना पकडायला बुवांनी सूचीत एक नाव घुसडलं. सातही खंडांत कुठेही नसलेलं; ते ज्याच्या सूचीत दिसेल तो चोर. ऐन वेळी सुचेना, म्हणून बहिणीच्या पलंगाखालचं घेतलं. आणि लेखकांना सांगायचं धाडस झालं नाही. आता बोलावं तर प्रस्तावनेतलं वाक्य खोटं ठरतं, गप्प राहावं तर बहिणीचं दुकान बसतं.

धाकटीने ट्रेडमार्कच्या कचेरीत हरकत घेतली. सुनावणीची खोली लहान होती. खिडकीशी पंखा कुरकुरत होता, टेबलावर सात खंड रचलेले. त्यांच्या पानांच्या कडा इतक्या कोऱ्या होत्या की बुवांना कसंसंच झालं. अधिकारीबाई अर्ज चाळत होत्या.

“हा प्राणी कोणत्या खंडात येतो?”

वकील पानं उलटू लागले. पुतण्याला दम निघेना. “चौथ्या. तो मरतो ते प्रकरण! काका लिहिताना ढसाढसा रडले होते. मी तेव्हा त्यांच्या मांडीवर होतो.”

बाईंनी अर्जावरची जन्मतारीख पाहिली. “चौथा खंड आला तेव्हा तुम्ही एकतीस वर्षांचे होतात. काकांची मांडी भलतीच भक्कम म्हणायची.”

खोलीत खसखस पिकली. पुतण्याही हसला, कारण सगळे हसत होते. वकील मात्र मुरलेले. “मांडी राहू द्या, बाई. नाव सूचीत छापलंय आणि यांच्या खेळण्यांच्या आधी छापलंय. काकांचं पुस्तक, काकांचा शब्द.”

बाईंनी पटल्यासारखी मान डोलावली. धाकटीचा चेहरा उतरला. बुवा उठले.

“तो शब्द त्यांचा नाही. मी घुसडलाय.” त्यांनी छापखान्याच्या कपाटातून शोधून आणलेलं जुनं प्रूफ टेबलावर ठेवलं. समासात लाल शाईत झिपरुंडा, खाली त्यांची सही आणि तारीख. “प्राणी माझ्या बहिणीचा. सातही खंड चाळा, कुठे सापडला तर मला तुरुंगात टाका.”

“म्हणजे तुम्ही माझ्या काकांना फसवलंत!” पुतण्या ओरडला.

“हो. ते माझं पाप, वर गेल्यावर त्यांच्या पाया पडेन. पण साहेब, तो सापळा चोरांसाठी लावला होता. वाचणारा माणूस त्यात अडकलाच नसता.”

त्या नावावरचा दावा तिथेच निकालात निघाला. खेळणी वाचली. जिन्यावर धाकटीने दादाचा दंड धरला.

“माझा झिपरुंडा परस्पर छापलास? मला न विचारता?”

“टाक खटला.”

“टाकीन. आधी पायरी बघून उतर, म्हाताऱ्या,” ती म्हणाली आणि डोळे पुसू लागली.

पुतण्याचं काय वाकडं झालं? काही नाही. आजही त्याच्या नोटिसा निघतात. पुढच्या आवृत्तीत त्याने प्रस्तावनेतलं बुवांवरचं वाक्य तेवढं गाळलं. कायद्याने त्याला तसा हक्क आहे, आणि काकांच्या लिखाणावर त्याने स्वतः केलेलं एवढं एकच काम.

तेव्हा मंडळी, ते खंड कधी हाती आले तर प्रस्तावना वाचताना क्षणभर थांबा आणि वेलांटीबुवांची आठवण काढा. पुतण्याची काढू नका. त्याला बहुधा परवानगी लागते.