सुकाणूतलं कापड

तिसरं सुकाणूही मोडलं. वर्सोव्याच्या तुळशीदास कोळ्यानं त्याचे दोन तुकडे अंधेरीच्या कारखान्यात आणून पद्मजाच्या टेबलावर आपटले.

"घे गो बाय, तुजा फायबर! खाडीच्या तोंडाशी होडी वलवली नि पिलवटला ह्यो. भाव नि मी, वल्ही मारत घरा आलो. नारली पुनवेनंतर मना बाहेर जायाचा हाय. आता लाकराचाच घालतो, नि सगल्या कोलीवाऱ्याला सांगतो."

"दादा, एकदाच. शेवटचं."

"शेवटचा म्हंजे शेवटचा," असं म्हणून तो तरातरा निघून गेला.

पद्मजानं कपाळाला हात लावला. इंजिनीअर झाल्यापासून तिनं एवढं एकच काम हट्टानं मागून घेतलं होतं. नाहीतर आहेतच पाण्याच्या टाक्या; सुकाणू जमलं नाही तर पुन्हा टाक्याच, असं कारखान्याच्या शेठनी बजावलंही होतं. काचेच्या धाग्यांचं कापड साच्यावर अंथरायचं, ब्रशनं रेझिनची चिकट राळ पाजायची, थरावर थर चढवायचे. पहिलं सुकाणू मोडलं तेव्हा तिनं रेझिनला दोष दिला, दुसऱ्या वेळी थर वाढवले. तरी मोडलं ते तसंच, मानेपाशी, तिरकं चिरत. कीर्तनात एखादा टाळकरी चुकला तर बुवा नुसती नजर टाकतात आणि ताल जाग्यावर येतो. इथे नजर टाकायची तरी कोणावर? काम करणारे गुणाजीकाका तर देवाची मूर्ती पुसावी तसे प्रत्येक थरावरून हात फिरवणारे. संपात गिरणी सुटली, पण विणकराची नजर सुटली नव्हती.

चिडून तिनं मोडका तुकडा उचलला आणि मागच्या अंगणातल्या शेगडीवर ठेवला.

"बाय, ह्या काय करतंस?" गुणाजी धावत आला.

"जाळते. रेझिन जळून जाईल, काच उरेल. आत काय आहे ते बघू दे तरी एकदा!"

काळा धूर उठला, डोळ्यांत पाणी आलं. आग विझल्यावर काजळलेलं कापड उरलं. गार झाल्यावर तिनं चिमट्यानं एकेक थर उचलला. पहिला सरळ. दुसरा सरळ. ते ठीक, तिनंच सांगितलं होतं. तिसऱ्यापासून पुढचे सगळे तिरके हवे होते, कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे धागे जातील असे. तेही सरळच. अगदी खालपर्यंत सरळ, काठाशी काठ जुळवलेले.

"काका, हे कोणी केलं?"

"मीया." त्याच्या आवाजात थोडा अभिमानच होता. "तू सांगितलंस तसा तिरकाच टाकलंय. पण ब्रश मारताना बघवना नाय गो. मग हळूच सरळ केलंय. वाकड्या कापडावर मुकादम आमच्या नावान बोंब मारायचो. जन्मभर हात तसोच वळलो."

"तीनही वेळा?"

"तीनही."

तिला ओरडावंसं वाटलं. ती ओरडलीच. "अहो, माणसं आहेत त्या होडीत!" मग त्याच्या खांद्यावरचा पंचा ओढून त्याची दोन टोकं त्याच्या हातात दिली. "उभ्या धाग्याच्या दिशेनं ओढा. लांबतो का? नाही ना? आता समोरासमोरच्या कोपऱ्यांना ओढा."

पंचा सैल पडून लांबत गेला.

"होडी वळते तेव्हा सुकाणू पिळतं, आणि पिळाची ओढ ही अशी तिरकी जाते. त्या वाटेवर धागाच नसेल तर ओढ सोसणार कोण? नुसतं रेझिन? ते चिक्कीसारखं फुटतं!"

गुणाजी पंच्याकडे बघत राहिला. चेहरा पडला होता. "समाजला," तो म्हणाला.

पण समजणं वेगळं आणि हात वेगळे. दुसऱ्या दिवशी तिरका थर टाकला की त्याची बोटं आपोआप काठ शोधायला जात. पद्मजा खेकसायची, "काका!" तो हात झटकायचा. पुढच्या थराला पुन्हा तेच. शेवटी वैतागून तिनं ब्रश फेकला, साचाच दोन्ही हातांनी धरला आणि टेबलावर तिरका फिरवून ठेवला.

"घ्या. आता कापड टेबलाच्या काठाला सरळ लावा. साच्याकडे बघूच नका."

"साचो वाकडो दिसता गो."

"दिसू दे!"

मग त्यानं कापड टेबलाला सरळ लावलं, ते साच्यावर आपोआप तिरकं बसलं. थर भराभर चढले. पुटपुटणं मात्र शेवटपर्यंत चालू होतं.

चार दिवसांनी तुळशीदास भावाला घेऊन आला. सुकाणू शिकंज्यात आवळलं, टोकाला लोखंडी नळ जोडला आणि दोघं भाऊ पिळायला लागले. ते कुरकुरलं. दोघांनी हात सैल सोडले.

"अजून," पद्मजा म्हणाली.

पुन्हा पिळलं. वाकलं, परत जागेवर आलं.

"अजून जोर लावा! मोडायचं तर इथं मोडू दे, खाडीत नको!" तीन महिन्यांचा सगळा राग तिच्या दंडांत उतरला. पदर खोचून तीही त्या नळाला लोंबकळली. गुणाजीनं डोळे मिटून विठ्ठलाचं नाव घेतलं.

सुकाणू कण्हत होतं, पण चीर म्हणून कुठे दिसेना. तुळशीदासनं मानेपाशी बोट फिरवलं, दुसऱ्या बाजूनं वाकून पाहिलं, आणि पद्मजाचे हात नळावरून सोडवले.

"आता सोर ना गो बाय! माजा सुकानू हाय त्यो, मोरशील."