नसलेला दिवस

तिने पेटीचं दार उघडलं आणि कोरड्या आणि ओल्या अशा दोन्ही तापमापकांच्या काचांवरचा दमट थर शालीच्या टोकाने पुसला. धुकं इतकं दाट होतं, की महाविद्यालयाच्या हिरवळीच्या मधोमध चार पायांवर उभी असलेली झडपांची ती पांढरी पेटी अगदी जवळ येईपर्यंत दिसली नव्हती. धुक्यातून आधी दादांचा खोकला आला, मग वही आली, मग दादा.

“कोरडा चौदा पूर्णांक दोन,” ती म्हणाली. “ओला तेरा पूर्णांक आठ.”

“किमान?”

“अकरा पूर्णांक पाच.”

दादांनी वही नाकाशी धरून लिहून घेतलं. एरवी वाचायची तीच आणि लिहायचीही तीच. वर्षातला हा एकच दिवस असा, की वाचायचं तिने आणि लिहायचं दादांनी. कारण आज ती नव्हती.

भूगोल विभागात ती अकरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होती. दर वर्षी नवं नेमणूकपत्र मिळायचं, आणि जुनं संपून नवं सुरू होण्याआधी मध्ये एक दिवस मुद्दाम रिकामा सोडलेला असायचा, सेवा सलग धरली जाऊ नये म्हणून. त्या दिवशी वर्गात जायचं नाही, हजेरी घ्यायची नाही, कुठल्याही कागदावर तिचं अक्षर दिसू द्यायचं नाही. संध्याकाळी पाचच्या आत कार्यालयात जाऊन एका छापील कागदावर सही मात्र करायची, की ‘या दिवशी मी महाविद्यालयाचे कोणतेही काम केलेले नाही.’ जी बाई आज नाहीच, तिची आजच्या तारखेची सही कशी चालते, असं तिने पहिल्या वर्षी हेडक्लार्कना विचारलं होतं. ते हसले नव्हते.

वेळापत्रकात तिचं नाव नव्हतं, ‘ता. ३’ एवढंच होतं, म्हणजे तासिकेवरची तिसरी. कागदावर आठवड्याचे नऊ तास. बाकी प्रवेशाच्या रांगा, परीक्षेची पर्यवेक्षणं, रजेवर गेलेल्या कायम मंडळींचे वर्ग आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे कुठल्याच कागदावर नव्हते. दुपारी बस धरून दुसऱ्या महाविद्यालयात जायचं, तिथेही पुन्हा हेच, आणि पाचच्या आत परत. सकाळ-संध्याकाळच्या हवामानाच्या नोंदी तर तिला कुणी सांगितल्याही नव्हत्या. दादा विभागाचे शिपाई. ती आली त्याच वर्षी त्यांना पाऱ्याची रेघ दिसेनाशी झाली, तेव्हा तिने ते काम आपणहून अंगावर घेतलं. हे म्हणजे घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं झालं, असं नवरा म्हणायचा आणि तिचा डबा भरून द्यायचा. पण चाळीस वर्षांच्या नोंदी होत्या त्या, एकाही दिवसाची फट नसलेल्या. तिच्या नोकरीला खंड असेल, हवेला नव्हता.

सकाळी लेकीने केसांना रबर लावून घेता घेता विचारलं होतं, “आई, आज तू नाहीयेस ना?”

“नाहीये.”

“मग मला शाळेत कोण सोडणार?”

“मीच.”

लेकीने थोडा विचार केला. “म्हणजे अर्धी आहेस.”

खरं सांगायचं तर हा दिवस तिला आवडायलाही लागला होता. फाटकावरचा रखवालदार तिला बघून वर्तमानपत्रात तोंड घालायचा. सहकारी समोरून आले की एकदम झाडं न्याहाळू लागायचे. सगळे असा प्रेमाने कानाडोळा करायचे, की तिला अंग हलकं झाल्यासारखं वाटायचं. आजही ती व्हरांड्यातून सावकाश चालत गेली. धुकं खिडक्यांतून आत आलं होतं. तिच्या वर्गात मुलं आपली आपण बसली होती, फळ्यावर तिनेच कालच्या तासाला काढलेला नदीचा नकाशा होता. कुणी मान वळवली नाही. आपण गेल्यावर हे असंच दिसेल, असं तिच्या मनात आलं, आणि त्या हलकेपणाचीच तिला भीती वाटली.

कारण यंदा गोष्ट वेगळी होती. दहा वर्षं सलग काम केलेल्यांना कायम करायचं, असं परिपत्रक आलं होतं. ती धावत कार्यालयात गेली होती. हेडक्लार्क म्हणाले होते, “तुमची अकरा वर्षं आहेत मॅडम, पण सुटी सुटी. त्या खंडाच्या दिवशी काम केल्याचा एखादा सहीशिक्क्याचा कागद असेल तर आणा. मी पुढे पाठवतो.”

“कधीपर्यंत?”

त्यांनी कॅलेंडर बघून आजचीच तारीख सांगितली होती. “पाचपर्यंत. त्या सहीला येणारच आहात ना तुम्ही?”

कागद कुठून असणार? अकरा वर्षं तिने इमानदारीने आपलं अक्षर या दिवसापासून लांब ठेवलं होतं.

दुसऱ्या महाविद्यालयात आज तिचा तास नव्हता. दुपारी दादांनी हाक मारली. ते महिनाअखेर निवृत्त होणार होते आणि त्यांचं लोखंडी कपाट रिकामं करायचं होतं. त्यात पक्क्या वह्या होत्या. रोजच्या कच्च्या नोंदी दादा महिन्याच्या शेवटी त्यांत उतरवून काढायचे आणि विभागप्रमुखांची सही घ्यायचे. कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला असायची. ते त्यांचं राज्य होतं. तिने या वह्या कधी उघडल्या नव्हत्या.

“हव्या तर चाळा बाई,” दादा म्हणाले. “नंतर रद्दीत जातील.”

तिने लेकीच्या जन्माचं वर्ष शोधलं. त्या पहाटे गारवा किती होता, एवढंच तिला बघायचं होतं. नऊ पूर्णांक आठ. शेवटचा रकाना ‘वाचन घेणारा’. त्या दिवशी तिथे लिहिलं होतं, ‘तृतीय वर्षाचा विद्यार्थी’. पुढचे दोन महिने, ती बाळंतपणाला घरी होती तोवर, तसंच. मग एका सोमवारपासून पुन्हा तिचं नाव. वडिलांच्या नावासकट, संपूर्ण. या इमारतीत आपलं नाव कुठे असं लिहिलेलं असेल, हे तिला माहीत नव्हतं. ती नुसती बघत राहिली.

मग तिने त्या वर्षाचा खंडाचा दिवस काढला. तिथेही तिचंच नाव होतं.

“दादा, हे काय लिहिलंत?”

“काय?”

“या दिवशी माझं नाव. मी त्या दिवशी नव्हते.”

“मग वाचलं कुणी होतं?”

“मीच.”

“मग?” दादांनी चष्मा पुसला. “तुम्ही नव्हता तेव्हा तुमचं नाव लिहिलं का मी? नाही. होता तेव्हा लिहिलं. हवामानाची वही आहे बाई. तिच्यात एक खोटं घातलं, तर बाकीचं खरं कशावरून?”

तिने दुसरी वही काढली, तिसरी काढली. दर वर्षी तो दिवस होता आणि त्यापुढे ती होती. पानाच्या तळाशी विभागप्रमुखांची सही आणि गोल शिक्का. सही करताना खिडकीबाहेर बघायची सरांना सवय होती, देव त्यांचं भलं करो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं झालं होतं. ती खाली फरशीवर बसली आणि थोडी रडली. दादा उगाचच कपाटाचा रिकामा कप्पा झाडत राहिले.

पावणेपाचला ती वह्यांची चळत छातीशी धरून, तिच्यावर हनुवटी टेकवून कार्यालयात शिरली. हेडक्लार्कनी वर न बघता छापील कागद आणि पेन पुढे सरकवलं.

“सही करा.”

तिने कागदावरच वह्या ठेवल्या. प्रत्येकीत एक चिठ्ठी घातलेली होती. त्यांनी पहिली उघडली, मग दुसरी. चौथ्या वहीशी त्यांनी टेबलावरचा शिक्का उचलून पानावरच्या शिक्क्याशी ताडून पाहिला आणि चष्मा काढला.

“म्हणजे तुम्ही दर वर्षी होतात,” ते म्हणाले.

“हो.”

“आजसुद्धा?”

“आहे,” ती म्हणाली.

त्यांनी समोरच्या खुर्चीवरच्या फायली उचलून खाली ठेवल्या. “बसा मॅडम. पोच लिहून देतो.”

“लिहून ठेवा, येतेच मी. पाचचं वाचन आहे.”

बाहेर धुकं पुन्हा उतरायला लागलं होतं. दादा वही उघडून पेटीपाशी उभे होते. तिने दार उघडलं, काच पुसली.

“कोरडा किती?” दादांनी पेन टेकवून विचारलं.

तिने त्यांच्या हातातून वही घेतली, पेनही घेतलं, आणि आकडा लिहिला.