नळाच्या आवाजाआड

मोरीतला नळ पुन्हा सुरू झाला, तशी मी लेकीला, रिनाला, कडेवर घेऊन दाराशी थांबले. आत माझे सासरे होते, अप्पा. बादली केव्हाच भरून वाहत होती. तरी नळ चालूच.

हा आवाज माझ्या ओळखीचा. मी लग्न होऊन आले तेव्हा अप्पांचे मोठे भाऊ, मोठे अप्पा, असाच नळ सोडून बसायचे. लघवी थेंब थेंब होते हे घराला ऐकू जाऊ नये म्हणून. दुखणं कळलं तेव्हा ते हाडांत पोचलं होतं. ते गेले, नळ गप्प झाला. त्यांची खाट ओसरीत अजून तशीच भिंतीला उभी आहे.

काल नवऱ्याला, गोकुळला, सांगितलं, तर तो हसला. "अवं, मिरचीना पथारीवर काम करतस त्या. मिरचीमा ऱ्हायनं म्हंजे जळजळ व्हईच. ताक दे त्यास्ले."

"मोठा अप्पा बी हाईच म्हनेत ना?"

तो उठून बाहेर गेला.

नंदुरबारात पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानावर, राबणारा जो तो हेच म्हणतो. शिंक आली, मिरची. डोळे लाल, मिरची. आणि हेही मिरचीच. वय झालं की पुरुषांची ती ग्रंथी वाढते, पुष्कळदा गोळ्यांनी भागतं, हे मी वाचलं होतं. पण वाढ साधी की मोठ्या अप्पांसारखी, हे तपासल्याशिवाय कळणार कसं? आणि सुनेनं सासऱ्याशी हे बोलायचं तरी कसं?

डोक्यावरचा पदर सावरला. "अप्पा, नळ बंद करा. माले समजस."

पाणी वाजतच राहिलं. मग थांबलं. त्या शांततेत आतून अगदी हलका आवाज आला. "शूऽऽ… शूऽऽ…"

रिनाला पायांवर धरून मी करते, तोच. रिनानंही तो ऐकला, आणि माझी साडी कोमट भिजली. आत काहीच वाजलं नाही.

दार उघडलं. अप्पांनी साडीवरचा ओघळ पाहिला.

"रिनानं व्हई गयं," ते म्हणाले. "मन्हं नाही व्हत."

त्यांनी खुंटीवरची लग्नाकार्याची टोपी काढून झटकली. तिच्यातूनही मिरची उडाली, दोघांना ठसका लागला.

"रिक्षा बलाव, बेटा. गोकुळ नको. दवाखानामा तूच चाल."

मोठ्या अप्पांच्या उभ्या खाटेपाशी ओसरी अरुंद आहे. तिथून जाताना अप्पांनी धोतर आवरून घेतलं, खाटेला लागू नये म्हणून.