राज्यसभा अजून बाकी

लोकसभेत वनहक्काचं विधेयक मंजूर झाल्याची बातमी रेडिओवर लागली, तशी भागीरथाबाई हातातलं सूप ठेवून उठली. जंगलातलं धानाचं शेत वनखात्यानं काढून घेतलं, तेव्हापासून तिचा थोरला प्रफुल ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात ठेकेदाराकडे राबत होता. "शेत नावानं झालं की येतो," म्हणून गेला, त्याला तीन वर्षं झाली.

"चाल नीलिमा, त्याले फोन लावू. ये म्हणू."

दहावीतल्या नीलिमाला नागरिकशास्त्र तोंडपाठ. "आई, राज्यसभा बाकी हाये. तिथं होकार आला का मंग राष्ट्रपतीची सही."

"म्हणजे सोयरिकीवानीच. दोनी घरचा होकार पायजे."

"हो, अन् मंग नियम, मंग दावा, मंग शेताचा पट्टा."

"इतकं तं तुह्या आत्याच्या लग्नालेही नाई लागलं."

नीलिमा खूप हसली. पण कोणत्या पायरीला किती दिवस लागतात, हे पुस्तकात कुठेच नव्हतं.

काही दिवसांनी राज्यसभेनंही होकार दिला. मायलेकी एसटीडी बूथवर गेल्या. नीलिमानं एका दमात सगळं सांगितलं.

"पट्टा भेटला का सांगजो," प्रफुल म्हणाला. "मंग येतो."

भागीरथाबाईनं रिसीव्हर ओढून घेतला. "बापू, मी तीन वर्षं कायद्याची वाट पाहून राह्यली का?"

नीलिमानं आईच्या गालाला गाल लावून कान दिला. 

"रविवारी येतो," तो म्हणाला.