सोडलेली जागा

दादा गेला तो थंडीच्या तोंडाशी, आणि थंडी सरते न सरते तोच रोज संध्याकाळी चौकात त्याचं वाजवणं पुन्हा सुरू झालं. भुताखेताची गोष्ट नाही ही, उगाच सरसावून बसू नका. व्यापारी मंडळाने चौकातल्या खांबांवर स्पीकर लावले आणि दादाचं रेकॉर्डिंग त्यावर सोडलं, एवढंच. पण जे त्या माणसाला नुकतेच पोचवून आले होते, त्यांना ते एवढंच वाटलं नाही. पहिल्या संध्याकाळी बेकरीवाल्याच्या हातातून पावांचा ट्रे निसटला, आणि तो उचलायचंही त्याला बराच वेळ सुचलं नाही.

सगळ्यांत वाईट गत झाली बारकीची. बारकी म्हणजे दादाची धाकटी बहीण. पन्नाशी आली, चष्मा लागला, गुडघे कुरकुरायला लागले, पण दादाने लहानपणी पाडलेलं नाव काही तिला सुटलं नाही. दिवसा ती शिवणाच्या कारखान्यात गणवेशांच्या कॉलरी शिवायची, आणि संध्याकाळी चौकात दादाच्या शेजारी बसून व्हायोलिन वाजवायची. दादाच्या हातात क्लॅरिनेट. मागे ड्रमवाला, आणि गळ्यात अ‍ॅकॉर्डियन अडकवून त्याची बायको. एवढाच सगळा ताफा.

हा ताफा बसायला लागण्याआधी चौकातली बाजारपेठ मरायला टेकली होती. शहराबाहेर मोठाली दुकानं झाली, लोक गाड्या काढून तिकडे धावायला लागले, आणि इकडे एकेक शटर खाली आलं. तेव्हा मंडळाच्या अध्यक्षांच्या डोक्यात एक खूळ शिरलं. अध्यक्ष म्हणजे पडद्यांचे दुकानदार. सुरांशी त्यांचा संबंध दुकानाच्या घंटीपुरता. ते म्हणाले, आपल्याच शहरातले वाजवणारे चौकात बसवू आणि त्यांचं मानधन सगळ्या दुकानदारांनी मिळून देऊ. सगळे फिदीफिदी हसले. पण दादाने क्लॅरिनेट तोंडाला लावलं आणि चालणारी माणसं थांबायला लागली. आता माणूस एकदा थांबला की त्याला तहान लागते, भूक लागते, पोराचा फाटलेला बूट दिसतो. बेकरीची भट्टी संध्याकाळीही पेटायला लागली, चहावाल्याने बाहेर बाकडी टाकली, बंद पडलेल्या फोटो स्टुडिओचं शटर करकरत वर गेलं. मग अध्यक्षांना कुणी वेड्यात काढलं नाही.

या ताफ्याची वाजवायची एक रीत होती. दादा अर्धी ओळ वाजवून थांबायचा आणि उरलेली अर्धी बारकी वाजवायची. तेवढा वेळ दादा टाचेने जमिनीवर ठेका धरून बसायचा, टक टक टक, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असा भला मोठा श्वास ओढून पुढची ओळ उचलायचा. घरीसुद्धा ही टाच गप्प बसायची नाही. दादाची बायको, म्हणजे वहिनी, वैतागून म्हणायची, फरशीला भोक पडेल एक दिवस. आणि ताफ्याचा नियम कडक होता: दुसऱ्याच्या जागेत वाजवायचं नाही. तो विसरला, त्याची तार तुटली, त्याला शिंक आली, काही होवो. त्याची जागा मोकळी सोडायची आणि ठेका धरून थांबायचं.

मंडळाला वाटलं, आपल्या शहराचं संगीत सगळीकडे पोचायला हवं. म्हणून रेकॉर्डिंग ठरलं. आधी दादाचं एकट्याचं करायचं, मग त्यावर बारकीचं, मग बाकीच्यांचं. दादा एकटाच काचेच्या खोलीत बसला आणि बारकीच्या सगळ्या जागा त्याने इमानेइतबारे मोकळ्या सोडल्या. बारकीची पाळी येण्याआधीच तो गेला. छातीत कळ आली आणि खेळ आटोपला. त्यानंतर बारकीने व्हायोलिनची पेटी कपाटावर टाकली आणि कुणी विषय काढला की ती उठून आत जायची.

म्हणजे चौकात रोज काय वाजायचं, लक्षात आलं ना? क्लॅरिनेट अर्धी ओळ वाजवून थांबायचं. मग नुसती टाच. टक टक टक. उत्तर नाही. मग तो श्वास, अगदी कानाशी घेतल्यासारखा, आणि पुढची ओळ. बारकीने चौकातून जाणंच सोडलं. मागच्या गल्लीतून, गोदामांच्या भिंतींच्या कडेकडेने ती घरी जायची. पण आवाज कसला ऐकतोय, तो तिथेही पोचायचा, आणि दादा थांबला की पिशवी धरलेल्या डाव्या हाताची बोटं आपोआप हलायला लागायची. तिला स्वतःच्याच हाताची भीती वाटायची.

वहिनीचं मात्र उलटं. ती रोज संध्याकाळी केस विंचरून, स्वच्छ कपडे करून, विणकामाची पिशवी घेऊन खांबाखालच्या बाकावर येऊन बसायची. रेकॉर्डिंग संपलं की उठायची. अध्यक्षांनी तिला शब्दच दिला होता, की वहिनी, तुमची इच्छा असेल तोवर हे चालू राहील. माणूस भला, हेतू भला. फक्त एक झालं: दादाच्या वाजवण्यावर दुसरं कोण वाजवणार? ड्रमवाला आणि त्याची बायको आपोआप घरी बसली. मंडळाने कुणाला काढलं नाही, कुणाला बोलावलंही नाही. ड्रमवाला गोदामात खोकी उचलायला लागला.

सुरुवातीला लोक यायचे, डोळे पुसायचे. मग येईनासे झाले. चहावाला म्हणायचा, खांबाला कोण टाळ्या वाजवणार? माणसं पुन्हा चालत राहायला लागली, कुणी थांबेना, आणि फोटो स्टुडिओचं शटर पुन्हा खाली आलं. अंधार पडायला लागला की त्या रिकाम्या रस्त्यावर दादाची टाच वाजायची, टक टक टक, आणि लोक पोराबाळांना ओढत भराभर चालायचे. बेकरीवालासुद्धा दुकान विकायच्या गोष्टी करायला लागला.

शेवटी ड्रमवाला बारकीच्या घरी आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग मुद्द्यावर आला. वहिनीने शब्द टाकला तर स्पीकर बंद होतील आणि आपण पुन्हा बसू. नाहीतर बाजार जाईल, आणि बाजार गेला की आपल्याला कोण विचारतो? वहिनीशी तूच बोल, आमची काही छाती होत नाही. पण नाही म्हणायला बारकीला तोंड कुठे होतं? ड्रमवाल्याच्या हातांची सालपटं निघालेली तिला दिसत होती.

दुसऱ्या दिवशी ती कितीतरी महिन्यांनी चौकात गेली. वहिनीने विणकामाची पिशवी मांडीवर घेतली आणि तिला बसायला जागा करून दिली. वर दादा वाजत होता. बारकीने मनात वाक्यं जुळवून आणली होती, अगदी गोड शब्दांत. तेवढ्यात ओळ अर्धी झाली आणि दादा थांबला.

वहिनीने सुया खाली ठेवल्या आणि बारकीच्या हातांकडे बघितलं. “तुझ्यासाठी थांबतो बघ,” ती म्हणाली. “रोज थांबतो.”

आता या बाईला काय सांगणार, नवऱ्याचा गळा दाब म्हणून? बारकी रेकॉर्डिंग संपेपर्यंत बसून राहिली, वहिनीला घरापर्यंत सोडून आली आणि ड्रमवाल्याला निरोप धाडला की माझ्याच्याने होणार नाही. ड्रमवाल्याने बायकोचं अ‍ॅकॉर्डियन विकायला काढलंय, हे दोन दिवसांनी बारकीच्या कानावर आलं. तिला रडूच कोसळलं. मेलेल्या माणसाची जागा राखता राखता जिवंत माणसं उठून चालली होती, आणि राखण करणारी ती स्वतःच होती.

आणि मग एका संध्याकाळी वहिनी थेट कारखान्यात आली. सुटायची वेळ झाली होती, मशीनं एकेक करून गप्प होत होती. वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि पिशवीतून लोकरीचा गुंडा जमिनीवर लोंबत होता. बारकीने तिला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. वहिनीने पाणी हातात तसंच धरून ठेवलं.

“तो श्वास घेत नाहीये गं,” ती म्हणाली.

बारकीला वाटलं, झालं, वहिनीच्या डोक्यावर परिणाम झाला. पण वहिनी तिला हाताला धरून ओढतच चौकात घेऊन गेली, आणि ऐकल्यावर बारकीच्या अंगावर सर्रकन काटा आला. क्लॅरिनेट वाजत होतं. अर्धी ओळ झाली, आणि लगेच, त्याच क्षणी, पुढची ओळ. मध्ये टाच नाही, श्वास नाही. ओळीमागून ओळ, ओळीमागून ओळ. दादाचाच सूर, दादाचाच लडिवाळपणा, पण कुठल्याही छातीला झेपणार नाही असा तो वाजत सुटला होता. बारकीला स्वतःलाच गुदमरायला झालं. बाकाजवळ एक म्हातारे गृहस्थ उभे होते, तेही कॉलर सैल करत होते.

दोघी अध्यक्षांच्या दुकानात गेल्या. अध्यक्ष खुशीत होते, स्वतः उठून त्यांनी खुर्च्या दिल्या. म्हणाले, ऐकलंत ना? लोकांच्या तक्रारी होत्या, मध्येमध्ये बंद पडल्यासारखं वाटतं, ठकठक येते. म्हणून साउंडवाल्याकडून सगळे अडथळे काढून घेतले, आता कसं सलग झालंय. ते इतक्या भाबडेपणाने सांगत होते की बारकीला चिडताही येईना. तो अडथळा म्हणजे मी, एवढंच ती म्हणाली, आणि ताफ्याची रीत तिने त्यांना पहिल्यापासून समजावून सांगितली.

अध्यक्षांचा चेहरा खर्रकन उतरला. जुनं रेकॉर्डिंग आहे, सांभाळून ठेवलंय, उद्याच्या उद्या पूर्वीसारखं लावतो, असं ते पुन्हा पुन्हा म्हणायला लागले. बारकी वहिनीकडे बघत राहिली. वहिनी होकार देणार, रोजचा बाक, रोजची टाच, रोजचं थांबणं परत सुरू होणार, आणि ड्रमवाला आयुष्यभर खोकी उचलणार, हे तिने धरूनच ठेवलं होतं. आपण आत्ता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही, हेही तिला कळत होतं.

वहिनीने लोकरीचा गुंडा सावकाश गुंडाळून पिशवीत ठेवला. “नको,” ती म्हणाली. “आता तो थांबला तरी तुम्ही थांबवलाय असंच मला वाटणार. बंद करा ते.” मग बारकीकडे वळून तिने विचारलं, “कपाटावरून पेटी काढायला किती दिवस घेणार आहेस? मला वर चढता येत नाही, नाहीतर मीच काढली असती.”

बारकी वहिनीच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. त्या दुकानात, गिऱ्हाइकांदेखत, पडद्यांच्या गठ्ठ्यांमध्ये. अध्यक्ष बिचारे गल्ल्यामागे उभे राहून नाक पुसत होते.

अ‍ॅकॉर्डियन विकलं गेलेलं नव्हतं, नशीबच म्हणायचं. ड्रमवाल्याने सालपटलेल्या हातांवर पट्ट्या बांधल्या. व्हायोलिनच्या तारा गंजल्या होत्या, त्या नव्या चढवल्या. आणि एका संध्याकाळी खांब मुके झाले आणि तिघं चौकात येऊन बसली. दादाची खुर्ची आणायची की नाही यावर कुणीच बोललं नाही. पण चहावाल्याने ती आणून जागेवर ठेवली होती. लोक थबकले. बेकरीवाला दारात येऊन उभा राहिला. वहिनी आपल्या बाकावर बसली, केस विंचरून, पिशवी मांडीवर घेऊन.

दादाचीच चाल घ्यायची ठरली होती. त्याच्या ओळी अ‍ॅकॉर्डियनवर वाजवायच्या, उत्तरं बारकीची, म्हणजे कुठे खंड पडणार नाही. घरी तसा सराव झाला होता, झकास जमलं होतं. ड्रमवाल्याने सुरुवात करून दिली. पहिल्या ओळीची वेळ आली, आणि ड्रमवाल्याच्या बायकोचे हात अ‍ॅकॉर्डियनवर तसेच राहिले. दुसऱ्याच्या जागेत वाजवायचं नाही. तिला ते जमेना. ड्रमवाल्याने तिच्याकडे बघितलं आणि त्याच्याही काठ्या थांबल्या. बारकीने गज तारांवर टेकवला होता, पण तिचं उत्तर कशाचं, प्रश्नच नव्हता. सगळा चौक गप्प झाला. रिकाम्या खुर्चीकडे बघायची कुणाची हिंमत होईना.

आणि त्या शांततेत टाच वाजली. टक टक टक.

बारकीने मान वळवली. बाकावर वहिनी बसली होती, डोळे मिटून, हातातल्या सुया तशाच, आणि तिची टाच फरशीवर ठेका धरत होती, अगदी त्याच लयीत, एवढी वर्षं जिच्यावरून तिने घर डोक्यावर घेतलं होतं. दादाची अर्धी ओळ संपायला जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ तिने ठेका धरला. मग तिने मोठा श्वास घेतला.

बारकीने गज ओढला आणि आपली अर्धी ओळ वाजवली.