बांधलेल्या पाखराचा उच्चार

बाबांना जाऊन आठ दिवस झाले होते. बाबा काम करायचे त्या शब्दकोशाच्या कचेरीत त्यांची शब्दांच्या कार्डांची पेटी परत द्यायची आणि चारच्या बोटीने वूहानला, माझ्या ग्रंथालयातल्या नोकरीवर, निघायचं, एवढंच मी ठरवलं होतं.

संपादक खोंगकाकांनी पेटी चाळली. "वानशू, एक कार्ड अर्धंच राहिलंय गं."

कार्डावर बाबांच्या बारीक अक्षरात ते दुर्मीळ चिनी अक्षर होतं: चौकोनी कुंपण आणि आत कोंडलेली 'बदलणं' या अर्थाची खूण. खाली अर्थ: इतर पाखरांना बोलवायला पारध्याने बांधून ठेवलेलं जिवंत पाखरू. फार पूर्वी, दुभाषा. उच्चार हजारेक वर्षांपूर्वी 'ङ्वा', आता नुसता 'अ'. दुसऱ्या उच्चाराची जागा कोरी. तो जुन्या पोथ्यांत सापडतो, पण जिवंत माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय भरायचा नाही, असा आमच्या कोशाचा नियम. दरवर्षी बाबांचं पत्र यायचं: ते अक्षर अजून अडलंय, रजा काढून ये. अकरा वर्षं मी आले.

"नदीपलीकडे पारध्याची म्हातारी बायको आहे, बी-आजी. तासाभराचं काम," काका म्हणाले.

"आणि पेटी जो पुरी करतो, पुढची पेटी त्याच्याच गळ्यात. ठाऊक आहे मला."

"मग ठेव कोरं. जाईल रद्दीत, तुझ्या बापाच्या नावासकट."

मी होडीत बसले.

बी-आजी दारात बांबूचे कोंब सोलत होती. शेजारी पायाला दोरी बांधलेला तित्तर.

"याला काय म्हणता, आजी?"

"योऊ. तू लौ मास्तरांची ना? नाक तेच. त्यांना पहिल्याच वर्षी सांगितलं होतं की मी."

"पहिल्याच?"

"हो. तरी दरसाल यायचे, चहा ढोसायचे, याच्याकडे बघत बसायचे. म्हटलं, मास्तर, लिहा की आता! तर म्हणे, लिहिलं की पोरगी कशाला येईल घरी?" आजी खुदकन हसली.

तित्तर ओरडला. बांबूच्या बनातून दुसऱ्या तित्तराने ओ दिली.

साडेतीनला मी बाबांच्या टेबलाशी होते. कोऱ्या जागेत 'योऊ' लिहिलं. साक्षीदार म्हणून आजीचं नाव. बाबांच्या सहीखाली माझी सही.

खोंगकाकांनी पुढची पेटी माझ्याकडे सरकवली. धक्क्यावर बोटीचा भोंगा वाजला, थांबला, पुन्हा वाजला.

मी झाकण उघडलं.