स्रेतेनची भट्टी

शिकाऊ डॉक्टर दुन्याने म्हाताऱ्या स्रेतेनच्या छातीवर शेवटची चकती चिकटवली, तेव्हाही त्याचं लक्ष भट्टीकडेच होतं. तांब्याच्या नळीतून राकियाची, घरच्या दारूची, बारीक धार पडत होती आणि सबंध अंगणात आंबलेल्या प्लमचा वास कोंदला होता.

यंत्रातून हृदयाच्या आलेखाची पट्टी बाहेर आली. तिने ती वाचली आणि मागे उभ्या असलेल्या डॉक्टर रादिसावांपुढे धरली. त्यांनी नजर टाकली, हात पुन्हा खिशात घातले. तीन वर्षं ते तिला असंच शिकवत आले होते, तोंडाला कुलूप लावून. ते ‘जा’ म्हणेपर्यंत रुग्णवाहिकेतून एकटीने रोगी नेण्याची तिला मुभा नव्हती, आणि ते काही म्हणत नव्हते.

“काका, हृदयाची एक नळी बंद पडलीय. ऊझित्सेच्या इस्पितळात लगेच पोचलो तर ती उघडता येईल. चला.”

“दोन तासांनी.” स्रेतेन तिने दिलेली गोळी चावत म्हणाला. “पंधरा दिवसांवर नातीचं लग्न आलंय. अर्ध्यात आग काढली तर सगळा माल वाया.”

“आणि लग्नात तुम्हीच नसलात तर?”

“लोक म्हणतील, म्हातारा गेला, पण राकिया फर्मास होती.”

तो हसला, पण त्याच्या कपाळावर घाम डवरला होता. दुन्याला आधी राग आला, मग भीती वाटली. आणखी समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. घरात दुसरं कुणी नव्हतं. फोन करून रुग्णवाहिका बोलावणारी टपालवाली बाईही केव्हाच पुढच्या गावाला गेली होती. दुन्या त्याच्याशेजारी ओंडक्यावर बसली.

“भट्टीपाशी कुणी बसलं, तर याल?”

“जाणता माणूस पाहिजे. पोरासोरांचं काम नाही हे.”

ती रादिसावांकडे वळली.

“सर, तुम्ही थांबाल?”

स्ट्रेचर घेऊन आलेला ड्रायव्हर मिलोये जागच्या जागी थांबला. रादिसावांनी तिच्याकडे पाहिलं, मग यंत्राच्या पडद्यावर धावणाऱ्या ठोक्यांकडे, बराच वेळ. मग कोट काढून कुंपणावर टाकला.

“माझ्या बापाची भट्टी होती,” ते स्रेतेनला म्हणाले. “धार जाड होऊ द्यायची नाही, एवढं कळतं मला.”

“आणि चाखत बसू नका!”

“ड्यूटीवर आहे मी.”

स्ट्रेचर गाडीत चढलं. दुन्या सवयीने कडेच्या बाकावर टेकली. रोग्याच्या डोक्याशी असलेली खुर्ची रादिसावांची होती.

“डॉक्टरांसाठी थांबायचं ना?” मिलोयेने पुढून विचारलं.

खिडकीतून रादिसाव आगीतलं लाकूड मागे ओढताना दिसत होते. त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही. दुन्या उठली, डोक्याशी असलेल्या खुर्चीवर बसली आणि पट्टा आवळला.

“डॉक्टर बसलीय,” ती म्हणाली. “काढ गाडी.”